छत्रीच्या कापडाची झबली

आमच्या हॉस्पिटलात तिला तिच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांची ती मुंगी. मुंगी आली का, मुंगीला बोलवा, मुंगी जेवायला बसली असेल तर थांबा.

वॉर्डात फिरून पेशंटचं रक्त काढणं हे तिचं काम. सुई टोचायच्या आधी ती एकच वाक्य म्हणायची, "मुंगी चावेल हं." लहान पोरांना म्हणायची, म्हाताऱ्यांना म्हणायची, आणि मिशा पिळत आलेल्या पण सुई पाहताच पाचावर धारण बसलेल्या धिप्पाड गड्यांनाही अगदी त्याच सुरात म्हणायची. एकदा एका वकिलानं तिला ऐकवलं, "बाई, मी काय बाळ आहे का?" ती म्हणाली, "नाही हो, पण मुंगीला काय कळतंय?" वकील हसला, आणि तो हसेपर्यंत तिची ट्यूब भरली होती.

मी खाली लॅबमध्ये. ती वरून रक्त आणायची, मी ते मशीनला पाजायची. माझं तोंड फटकळ. ट्यूबवरचं लेबल वाकडं असलं तरी मी वरच्या नर्सला फोन करून दोन शब्द ऐकवते, आणि त्यातला एक जरा जास्तच असतो. मुंगीवर मात्र ओरडायची संधी मला कधी मिळाली नाही. मेलीचं काम इतकं चोख की भांडायला जागाच नाही. आमची मैत्री जमली ती या चिडीतूनच असावी.

तिचा एक नियम होता. रक्त काढायचं, खाली पोचवायचं, आणि रिपोर्ट काय आला ते विचारायचं नाही. कधीच नाही. मी आपण होऊन सांगायला लागले तर कानांवर हात ठेवायची. "मला कळलं की माझ्या तोंडावर दिसतं," म्हणायची. "उद्या त्याच माणसाला परत टोचायचंय मला. तो सुईकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो." हे मात्र खरं होतं. तिच्या तोंडात तीळ भिजला असता एक वेळ, पण चेहऱ्यावर काही लपलं नसतं.

आता त्या झबल्यांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं.

लिव्हर थकलं की रक्तात एक पिवळा पदार्थ साठत जातो, बिलिरुबिन. डोळे पिवळे होतात, कातडी पिवळी होते, ती त्याच्यामुळेच. औषध लागू पडलं तर तो आकडा उतरतो, नाही पडलं तर चढतो, नाही तर हटून बसतो. लिव्हरच्या वॉर्डातले डॉक्टर त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. पण या बिलिरुबिनची एक खोड आहे. त्याला ऊन सोसत नाही. ट्यूब उन्हात राहिली की ते मोडतं, आणि मशीन बिचारं जेवढं उरलं तेवढंच मोजतं. माणूस तसाच आजारी, आकडा मात्र गोड. म्हणून या ट्यूबा झाकून आणायच्या असतात. बाकीचे लोक चांदीचा कागद गुंडाळायचे, तो निम्म्या जिन्यात फाटायचा, मग माझा फोन वर जायचा आणि दिवस साजरा व्हायचा.

मुंगीनं छत्रीच्या काळ्या कापडाच्या छोट्या छोट्या पिशवीवजा खोळी शिवल्या. बोटभर लांब, वर नाडी. आम्ही त्यांना झबली म्हणायचो. रोज वापरायची, रोज धुऊन वाळत घालायची. तिच्या खोलीच्या खिडकीत ती झबली ओळीनं टांगलेली पाहून नवी आलेली एक डॉक्टर मुलगी म्हणाली होती, "इथं कोणाकडे बाळ झालंय?"

कापड यायचं तिच्या दादाकडून.

दादाचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या बोळात एक फळी, तिच्यावर पत्रा, आणि आत दादा बसला की ग्राहकाला बाहेरच उभं राहावं लागेल एवढी जागा. मोडक्या छत्र्यांच्या काड्या, दांडे, मुठी, आणि कापडाचे काळे तुकडे. आईवडील लवकर गेले आणि या भावानं तिला वाढवलं. पायात काटा गेला तर मांडीवर पाय घेऊन, पिन तापवून, तो म्हणायचा, "मुंगी चावेल हं." म्हणजे ते वाक्य तिचं नव्हतंच. ती आयुष्यभर दादाचं वाक्य उसनं घेऊन लोकांना टोचत होती.

माणूस गमत्या. मला मशीनबाई म्हणायचा. "मशीनबाई, तुमची छत्री आणा, तुमच्यासारखीच आहे, उघडली की मिटत नाही." मी चिडायची आणि छत्री न्यायची. छत्री अशी करून द्यायचा की नवीनं झक मारावी. पण माणूस प्यायचा. लपूनछपून नाही, भांडून नाही. दिवे लागले की शांतपणे बसून प्यायचा, आणि सकाळी परत कामाला. वहिनीनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं, माहेरी जाऊन पाहिलं. मुंगीनं तर हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. "माझ्या घशावरून तू एवढी ओरडतेस," तो म्हणायचा, "पेशंटवर ओरडत जा, पगार वाढेल."

मग काही दिवस तो तिच्याकडे फिरकला नाही. कापड वहिनीच्या हाती पाठवायचा. मुंगीला वाटलं, रुसलाय. मुंगी रोज डझनभर लोकांचे पिवळे डोळे बघणारी, आणि तिचा स्वतःचा भाऊ पिवळा पडत होता ते तिला दिसलं नाही, कारण तो तिला दिसू देत नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तो वॉर्डात आला तेव्हा पोट फुगलेलं, पाय सुजलेले आणि डोळे असे पिवळेधमक की नव्या नर्सनंही आधी नजर वळवली.

मोठ्या डॉक्टरीणबाई तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मुंगीला आणि वहिनीला समोर बसवलं. मीही होते, कारण मुंगीनं माझा हात सोडला नव्हता.

"दारूनं लिव्हरला सूज आलीय आणि ते आता काम सोडतंय," बाई म्हणाल्या. "स्टेरॉइड सुरू करते. काहींना लागू पडतं, काहींना नाही. आठवड्यानं बिलिरुबिन बघू. नीट उतरलं, तर औषध चालू ठेवू. नाही उतरलं, तर बंद करायचं."

"बंद का?" वहिनी म्हणाली. "थोडं उशिरा लागू पडलं तर?"

"पडत नाही, ताई. आणि तसंच रेटत राहिलं तर अंगाची राखण मोडते. साधा ताप येतो आणि माणूस त्यातच जातो. तेव्हा रक्त सांगेल तसं जायचं."

"माझं लिव्हर घ्या," मुंगी म्हणाली. "थोडं कापून देता येतं, मला माहितेय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुंगीला कित्येक वर्षांची साखर होती, अशा माणसाचं लिव्हर घेत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं, आणि बाईंना ठाऊक आहे हे मुंगीलाही ठाऊक होतं. दुसरं कोणी देणारं नव्हतं. वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, परत गुंडाळलं.

म्हणजे त्या एका आकड्यावर सगळं येऊन ठेपलं. तो उतरला तर दादाला वाट होती, नाही तर नव्हती.

तो आठवडा मुंगीनं कसा काढला ते मी पाहिलंय. दादाच्या हातांची शीर सापडायची नाही. एका नर्सनं दोन्ही हात टोचून पाहिले तेव्हा तो म्हणाला, "पोरी, मी चाळणी नाही. मुंगीला बोलव." तेव्हापासून त्याचं रक्त तीच काढायची. आणि तिच्या नियमानं, आकडा विचारायची नाही. खाली यायची, काळं झबलं माझ्या हातात द्यायची, वळायची. पहिल्या दिवसांत तो आकडा हलला नव्हता, मला दिसत होतं. मी मूग गिळून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसले असेन.

तपासणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यादेखत जिन्यात थांबवलं. "मन घट्ट कर," एवढंच म्हणाल्या. बाईंनी चांगल्यासाठीच सांगितलं, पण मुंगीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला काय ऐकू आलं. औषध बंद म्हणजे दादा बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्त घेऊन आली. रोजच्यापेक्षा उशीर झाला होता. मी विचारलं तर म्हणाली, शीर मिळत नव्हती. झबलं नीट बांधलेलं, नाडीची गाठ तिचीच. मी मशीन लावलं. आकडा आला आणि मी खुर्चीतून उठलेच. उतरला होता! नुसता उतरला नव्हता, चांगला उतरला होता. मी परत लावून पाहिला, तोच आला. रक्त गोठायला लागणारा वेळ काही सुधारला नव्हता, तो तसाच वाईट होता. पण बिलिरुबिन आधी हलतं, बाकीचं मागून येतं, असंही होतं. माझा जीव भांड्यात पडला. रिपोर्ट वर गेला, आणि मी तिचा नियम धाब्यावर बसवून तिला फोन लावला.

"उतरलंय गं!" मी ओरडले. "ऐकतेस का? उतरलंय!"

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, रडत असेल.

दुपारी मी मुद्दाम वर गेले. वॉर्डात जत्राच भरली होती म्हणा ना. दादानं दाढी करून घेतली होती. उशांना टेकून बसला होता. वहिनीला घरी पिटाळून त्यानं हत्यारांची पिशवी मागवली होती आणि सफाईवाल्या मावशींची मोडकी छत्री मांडीवर घेऊन काडी बसवत होता. हात थरथरत होते, पण काडी बरोबर बसली.

"या मशीनबाई!" तो म्हणाला. "तुमच्या मशीनच्या तोंडात साखर पडो. औषध लागू पडलं म्हणतात. आता पुढच्या महिन्यात दुकान उघडतो बघा. आणि बाटलीला हात लावणार नाही, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"माझं डोकं नको," वहिनी म्हणाली. "आधी कितीदा ठेवलात, अजून दुखतंय." आणि ती हसली. त्या बाईला मी त्या आधी हसताना पाहिलं नव्हतं. चांगली हसायची. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

दादा बोलतच होता. बोळातल्या दुकानाचा पत्रा बदलायचा. वहिनीला तिच्या बहिणीकडे नेऊन आणायचं, इतकी वर्षं नुसतं म्हणतोय. कापड वाया जातं, तर मुंगीला आणखी झबली शिवून द्यायची, तिचे टाके म्हणजे कोंबडीचे पाय. मुंगी खिडकीपाशी उभी होती. सगळे तिच्या भावाकडे बघत होते, मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा होता.

मग दादानं छत्री उघडली. वॉर्डात पलंगावर बसून उघडली, नर्स ओरडली, सगळे हसले. त्यानं ती मुंगीकडे धरली. "घे, नेऊन दे मावशींना." मुंगी पुढं आली, छत्री घेताना तिचा हात त्याच्या हाताला लागला, आणि ती तशीच थांबली. मग तिनं त्याच्या कपाळाला उलटा हात लावला.

"थंडी वाजते का दादा?"

"जरा. बसलोय ना कधीचा. काही नाही."

ती छत्री घेऊन बाहेर पडली आणि सरळ खाली, लॅबमध्ये आली. मी मागोमाग. दार लावून घेतलं तिनं. उघडी छत्री अजून हातात होती, ती मिटायचंही तिला सुचलं नव्हतं.

"सकाळची ट्यूब उन्हात राहिली," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. "कुठं राहिली?"

"जिन्यातल्या खिडकीत. खूप वेळ." मग तिनं मान हलवली. "राहिली नाही गं. राहिली, राहिली असं सकाळपासून मी स्वतःला सांगतेय. ठेवली. झबलं काढलं, खिडकीत ठेवली, आणि उभी राहिले. मग परत झबलं घातलं."

आमच्या कामाबाहेरच्या कोणाला ही लबाडी सुचणारच नाही. ज्यानं जन्मभर ट्यूबा उन्हापासून जपल्या त्यालाच ऊन काय करतं ते माहीत असतं.

मी तिला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण लॅबच्या बाहेर बसलेली माणसं आत डोकावली एवढं सांगते. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती म्हणेल, कोणाला सांगू नकोस. त्याची मी वाट बघत होते, आणि त्याला मी काय उत्तर दिलं असतं ते मला अजून ठाऊक नाही. पण ती म्हणाली, "मला वाटलं, औषध आणखी थोडे दिवस मिळालं तर लागू पडेल. उशिरा पडेल. बाई म्हणाल्या पडत नाही, पण मला वाटलं, दादाला पडेल. आता त्याचं अंग गरम आहे. चल माझ्याबरोबर बाईंकडे. एकटीला जमणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्यावर मला लेखी कारवाई करावी लागेल," म्हणाल्या. मुंगीनं मान डोलावली. "ते नंतर. आधी नवं सॅम्पल. दुसरं कोणीतरी काढेल."

"शीर कोणाला मिळणार नाही, बाई. उगाच टोचतील त्याला."

बाईंनी चष्मा परत घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही सोबत जा. ट्यूब तुमच्या हातात घ्या."

तो जिना मी हजारदा चढले असेन. त्या दिवशी खिडकीपाशी आलो तेव्हा आम्ही दोघींनी दुसरीकडे पाहिलं.

वहिनी दादाच्या पायांवर पांघरूण घालत होती. ट्रे बघून दादा म्हणाला, "परत? सकाळचं प्यायलात की काय?"

मुंगी पलंगाच्या कडेला बसली. मला वाटलं, काहीतरी गोडगोड सांगून वेळ मारून नेईल. सांगता आलं असतं. सॅम्पल फुटलं म्हणालो असतो तरी चाललं असतं.

"दादा, सकाळचा आकडा खोटा आहे," ती म्हणाली. "मी ट्यूब उन्हात ठेवली. उन्हानं बिलिरुबिन मोडतं. ते उतरलेलं नाही."

वहिनीचा हात पांघरुणावर तसाच राहिला. बाजूच्या पलंगावरचा माणूस कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. मग वहिनी बोलली, आणि तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

"मग राहू द्यायचं होतंस ना खोटं. एक दुपार दिलीस, तीही परत घेतलीस."

ती उठून बाहेर गेली. दादानं तिला हाक मारली नाही. त्याची नजर मुंगीवरच होती, आणि तो रागावलाय की काय ते मला कळेना. मग तो मला म्हणाला, "मशीनबाई, तुम्हाला सांगतो. ही शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी थर्मामीटर चहाच्या कपात बुडवायची. ताप दाखवायला. मी बघायचो आणि म्हणायचो, अरे बापरे, केवढा ताप! झोप तू." तो थोडा हसला. "तेव्हा ताप आणायचीस, आता उतरवतेस होय? पण वेडे, तेव्हा तुला बरंच होतं ना. म्हणून चालून गेलं."

मुंगीनं रबरी पट्टा बांधला. हात पुसला. सुई हातात घेतली आणि तिची बोटं थरथरायला लागली. मी इतक्या वर्षांत तिचा हात थरथरलेला पाहिला नव्हता. तिला ते वाक्य म्हणायचं होतं, ओठ हलत होते, पण आवाज फुटेना.

दादानं दुसरा हात तिच्या मनगटावर ठेवला.

"मुंगी चावेल हं," तो तिला म्हणाला. "घाबरू नकोस."

पहिल्याच टोचणीत शीर मिळाली. ट्यूब भरली, मी झबल्यात घातली, नाडी ओढली. खाली मुंगी माझ्याबरोबर आली. नियम मोडून मशीनशेजारी उभी राहिली. आकडा आला तेव्हा तो पडद्यावर तिनं स्वतः वाचला. पहिल्या दिवसापेक्षाही वर होता. ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं. मग टेबलावरची मावशींची छत्री तिनं नीट मिटली, बटण लावलं आणि द्यायला गेली.

स्टेरॉइड त्याच संध्याकाळी बंद झालं. तापाची औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या, ताप वेळेत कळला म्हणून निदान तो शुद्धीवर राहिला, नाही तर त्याच आठवड्यात बडबडत गेला असता. म्हणजे मुंगीच्या सांगण्यानं दादा वाचला नाही. फक्त त्याला जाण्याआधी थोडे दिवस मिळाले. ते त्यानं झबली शिवण्यात घालवले. वॉर्डात बसून, उरलेल्या काळ्या कापडाची, बारीक सरळ टाक्यांची. दमला की सुई कापडात खोचून डोळे मिटायचा. वहिनी त्याला दोरा ओवून द्यायची. मुंगी आली की ती उठून पाण्याला जायची.

एका सकाळी सुई कापडात खोचलेलीच राहिली.

मुंगीवर कारवाई झाली. वॉर्डातलं काम काढून तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं, "एक्स-रे कुठं?" "डावीकडे" असं सांगायला. ती हूं की चूं न करता बसली. खाली माझ्याकडे कोणी कोणी ट्यूबा आणायचे, आणि मी त्यांच्यावर इतकी ओरडायचे की शेवटी तेच जाऊन म्हणाले, मुंगीला परत आणा. वर्षाच्या आत आणलीही. हात तसाच हलका आहे. फक्त ती आता ते वाक्य म्हणत नाही. टोचण्याआधी नुसती पेशंटच्या मनगटावर क्षणभर हात ठेवते. सगळे तिला मुंगी का म्हणतात, हे नव्या लोकांना ठाऊकही नाही.

वहिनी तिच्याशी बोलत नव्हती. किती महिने गेले असतील, एक दिवस ती लॅबच्या दारात आली. हातात पिशवी. दुकानाची फळी कोणाला तरी दिली, ती आवरताना सापडलेलं कापड होतं, घडी घातलेलं. मुंगी तिथंच होती. वहिनीनं पिशवी तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली.

"त्यांनी सांगितलं होतं तुला द्यायला," ती म्हणाली. मग जायला वळली आणि परत थांबली. "ती छत्री उघडली होती ना त्यांनी, पलंगावर. मला रोज तेच आठवतं. बाकी काही आठवू म्हटलं तरी तेच आठवतं." एवढं बोलून ती गेली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही.

मुंगी कापडावर हात फिरवत बसली. माझं तोंड कधी गप्प राहिलंय? मी विचारलं, "खरं सांग, तुला कशाचं वाईट वाटतं? ठेवल्याचं, की सांगितल्याचं?"

तिनं पुष्कळ विचार केला. मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मग तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

"दोन्हीचं वाटतं गं," ती म्हणाली. "पण तेवढी एक दुपार माझा दादा बरा होता."